जुनी कंबरदुखी असताना पिलाटेस सुरू करावं का? घरी जमतं की स्टुडिओच लावावा लागतो?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: वय ३६, नागपूरच्या मिहानमध्ये दिवसभर लॅपटॉपसमोर बैठं काम, कंबर दोन वर्षांपासून दुखते, एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला) 'बल्ज', म्हणजे फुगवटा आलाय, दुखणं पायात उतरत नाही. मैत्रीण म्हणते पिलाटेसचे व्यायाम लाव, घरचे म्हणतात मणक्यात गॅप असताना असले प्रकार नको. शिवाय कमरेचा पट्टा वापरावा का, हेही विचारलंय.

मी नागपुरातच फिजिओथेरपिस्ट आहे. "मॅडम, मणक्यात गॅप आहे जी" हे वाक्य माझ्याकडे दार उघडायच्या आधी आत येतं. तर उत्तर आधी सांगते: करा. घरी सतरंजीवर होतं. स्टुडिओची फी परवडत असेल आणि हौस असेल तर भरा, पण ती भरली नाही म्हणून कंबर बरी व्हायची राहणार नाही.

आधी त्या रिपोर्टचं बोलू, कारण बहुतेकांना दुखण्यापेक्षा रिपोर्टनेच जास्त घाबरवलेलं असतं. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या साधारण ५० टक्के लोकांच्या चकतीला बल्ज होता आणि ६८ टक्क्यांची चकती झिजलेली होती. दुखणं शून्य! त्यामुळे पाय बधिर नाही, पायातली ताकद गेलेली नाही, तर तो बल्ज म्हणजे हलू नका असा आदेश नाही.

आता पिलाटेस. जोसेफ पिलाटेस हा १८८३ सालचा जर्मन माणूस. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या छावणीत स्थानबद्ध होता, १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला गेला, आणि तिथे नर्तकांमध्ये त्याचा व्यायाम गाजला. म्हणजे हा प्रकार मुळात धट्ट्याकट्ट्या, लवचीक शरीरांत रुळला. हे मुद्दाम सांगतेय, कारण यूट्यूबवर 'पिलाटेस' टाकलं की सरळ पाय हवेत धरून हात आपटायचे, झोपलेल्या अवस्थेतून एका दमात उठून बसायचं, चेंडूसारखं पाठीवर गडगडायचं, असले प्रकार पहिल्या पाच मिनिटांतच येतात. दुखऱ्या कमरेने तिथून सुरुवात करायची नसते. कंबरदुखीसाठी जे शिकवलं जातं ते बरंच सौम्य केलेलं, पायरीपायरीचं रूप आहे.

उपयोग किती? कॉक्रेन ही संस्था एकेका उपचारावरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१५ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसती माहितीपत्रिका देण्यापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि रोजच्या कामांतली अडचण कमी झाली. पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं काही सिद्ध झालं नाही. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात जाणारी मंडळी विचारतात, "मग आमचा योग सोडायचा का?" काहून सोडायचा? सेतुबंधासन आणि पिलाटेसचा ब्रिज यांत कंबरेला फारसा फरक कळत नाही. जे तुम्ही तीन महिने टिकवाल ते चांगलं.

तरीही मी अनेकांना पिलाटेसच्या अंगाने सुरुवात करून देते, कारण ते सावकाश आहे, बरंचसं झोपून होतं, आणि श्वास सोडता सोडता हालचाल करायची सवय लावतं. जुनाट कंबरदुखीचा माणूस प्रत्येक हालचालीआधी दम कोंडून अंग ताठ करतो. ते सुटलं की अर्धं काम होतं.

सुरुवात अशी करा. जमिनीवर सतरंजी किंवा जाडसर मॅट, गादीवर नाही. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळवे जमिनीला. एक हात कमरेच्या पोकळीखाली सरकवा. श्वास सोडत बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या आणि कंबर हळूच त्या हातावर दाबा, श्वास घेताना सोडून द्या. हलकेच म्हणजे हलकेच! त्या वेळी आरामात बोलता आलं पाहिजे. हे जमलं की एकेक गुडघा छातीच्या दिशेने उचलून परत ठेवायचा. कंबर डुगडुगली नाही पाहिजे, एवढीच अट.

मग ब्रिज. त्याच अवस्थेतून शेपटीचं हाड आधी उचलायचं, मग एकेक मणका सुटा करत कंबर वर न्यायची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतार झाला की थांबायचं, आणि उतरताना उलट क्रमाने. लोक वर जाताना घाई करतात आणि खाली येताना धपकन टेकतात. खरा व्यायाम उतरण्यात आहे. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा थोड्या जवळ ओढा, बहुतेक वेळा लगेच फरक पडतो.

त्यानंतर हातापायांवर, घोड्यासारखं. डावा हात पुढे, उजवा पाय मागे, मग उलट. कमरेवर स्टीलची रिकामी वाटी पालथी ठेवा. ती फरशीवर खणकन पडली की समजायचं, पाय गरजेपेक्षा उंच गेला. माझ्याकडच्या एका आजींनी वाटीऐवजी वरणाची पळी ठेवून पाहिली होती, तीही चालते. कुशीवर झोपून, टाचा जुळवून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा व्यायामही याच यादीत घ्या, नितंबाच्या बाजूचे स्नायू बैठ्या कामाने पार झोपलेले असतात.

प्रत्येकी आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. फरक कळायला सहा-आठ आठवडे द्या. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवलं तर काळजी नाही. दुखणं कमरेतून पोटरीकडे उतरायला लागलं तर मात्र एक पायरी मागे या. आणि हो, पोट दिवसभर आवळून ऑफिसात बसू नका. 'कोअर' म्हणजे पोट-कमरेचे स्नायू मजबूत व्हावेत म्हणून कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. दुखणारी कंबर आधीच आखडलेली असते, तिला आणखी ताणात ठेवून काय मिळणार?

उरलेल्या दिवशी चाला. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांपैकी चालण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांना पुन्हा दुखणं यायला साधारण २०८ दिवस लागले, न घेतलेल्यांना ११२. एवढं स्वस्त औषध दुसरं नाही. फक्त आपल्याकडे मे महिन्यात सकाळी आठनंतर फुटाळा तलावावर चालायला जाणं म्हणजे भाजून घेणं आहे. म्हणून ज्यांना पहाटे उठवत नाही त्यांच्यासाठी कूलरसमोरची सतरंजी सोयीची.

कूलरवरून खरा मुद्दा आठवला. सतरंजीवर सगळं छान जमतं आणि कंबर धरते ती कूलर भरताना. जिथे पाइप पोहोचत नाही तिथे मोरीतून भरलेली बादली एका हातात धरून आणायची, खिडकीपाशी कमरेत वळून छातीपर्यंत उचलायची आणि टाकीत ओतायची. एप्रिलमध्ये माझ्याकडे अशी माणसं रांगेने येतात. त्यातल्या निम्म्यांना आधी कुणीतरी "आयुष्यात वाकायचं नाही" असं बजावलेलं असतं. ती वर्षभर वाकत नाहीत, आणि मग थेट भरली बादली. वाकणं वर्ज्य करून कंबर मजबूत होत नाही, ती फक्त बेसावध होते.

म्हणून महिनाभर मॅटवरचं जमलं की तिथेच रमू नका. खुर्चीवर बसून हात फरशीला टेकवून या. मग उभं राहून. मग रिकामी बादली उचला, मग चतुर्थांश भरलेली, मग अर्धी, अंगाजवळ धरून, श्वास सोडत, कमरेत पिळण्याऐवजी पाय वळवून. पिलाटेसमध्ये शिकलेलं नियंत्रण इथे वापरायचं असतं. तुमच्या बाबतीत बादलीच्या जागी लॅपटॉपची बॅग आणि स्कूटीची डिकी धरा.

पट्ट्याबद्दल विचारलंच आहे तर: जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांना जागा आहे. कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन (कंबर ओढून धरणं), अल्ट्रासाउंडचा उपचार, टेन्स (विजेच्या हलक्या झिणझिण्या देणारं मशीन) या गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. आमच्याच धंद्यातल्या निम्म्या मशीन यात निघाल्या, त्यामुळे या परिच्छेदाला आमच्याकडून फार लाइक येणार नाहीत.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. ताप, आपोआप वजन उतरणं, पूर्वीचा कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, दीर्घकाळ स्टेरॉइड, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पुढे गोल वाकायचे व्यायाम टाळावेत. दुसरी गोष्ट खास तुमच्या वयासाठी. सकाळी उठल्यावर अर्धा तासाहून जास्त कंबर लाकडासारखी असते, पहाटे दुखण्याने जाग येते, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने बरं वाटतं, असं असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांना एकदा दाखवा. मणक्याचा दाहक संधिवात असाच तरुणपणी सुरू होतो आणि बरेच दिवस 'बैठ्या कामामुळे' या नावाखाली लपून राहतो.

स्टुडिओच लावायचा असेल तर स्प्रिंगवर सरकणाऱ्या पाटाच्या त्या रिफॉर्मर मशीनला भुलू नका. स्प्रिंग काही हालचालींत वजन पेलते, ज्यांना जमिनीवर उतरताच येत नाही त्यांना ती बरी पडते, एवढाच तिचा फायदा. पहिल्या दिवशी सांगा, दोन वर्षं कंबर दुखते. समोरच्याने पायात मुंग्या येतात का, कुठली हालचाल त्रास देते, आधी काय काय करून झालं, हे विचारलं आणि वीस जणांच्या बॅचऐवजी चार-पाच जणांत घेतलं, तर एक महिन्याचे पैसे भरा. वर्षाचं पॅकेज आधी पुढे सरकवलं तर तेवढ्या पैशात चांगली मॅट आणि चालायचे बूट येतात.