साडेपाच किलोच्या शित्झू कुत्र्याला व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्यायला अंगावर अडकवायची बॅग कोणती घ्यावी?

सॅक घ्या. पाठीवरची, सपाट आणि कडक तळाची, निदान तीन बाजूंना जाळी असलेली. छातीवर लावायची, पाय बाहेर काढायची बॅग नको, आणि झोळी तर नकोच.

तुमची परिस्थिती तुम्ही सविस्तर लिहिलीत ते बरं झालं: ठाण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही, व्हेट चालत पंधरा मिनिटांवर, नेणार बहुतेक वेळा आई आणि त्यांचा उजवा खांदा दुखरा. बघून ठेवलेल्या बॅगांची यादीही दिलीत. नाहीतर नुसतं ‘चांगली बॅग सुचवा’ एवढ्यावर कोण काय सांगणार!

माझ्याकडे डॅशुंड आहे, नाव बिस्किट, आता म्हातारा. मणक्याचा त्रास सुरू झाल्यापासून त्याला जिना बंद, त्यामुळे बॅग ही आमच्या घरात रोजची वस्तू झाली आहे. शिवाय शेजारच्या काकू गावाला गेल्या की त्यांचा शित्झू आमच्याकडे मुक्कामाला असतो. दोघांची अंगं अगदी वेगळी, आणि बॅगेने कुणाला काय त्रास होतो हे दोघांमुळे नीट कळलं.

ऑनलाइन शोधताना सगळे आधी वजनाचा आकडा बघतात. ‘८ किलोपर्यंत’ असं लिहिलेलं असतं ते शिवणीपुरतं खरं; तेवढ्या ओझ्याने पट्टे उसवणार नाहीत, इतकंच. आत कुत्रा कसा बसेल ते तळावर ठरतं. बॅग हातात आली की तळ मुठीने दाबून बघा. मधे खळगा पडत असेल तर कुत्रा त्यात घरंगळतो, पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते. शित्झूचं नाक मुळातच चपटं, त्यात मान दुमडली की श्वासाची वाट आणखी आवळते आणि घोरल्यासारखा आवाज सुरू होतो. स्वस्त बॅगांत तळाला चक्क पुठ्ठा असतो, एकदा शू झाली की त्याचा लगदा.

पण बाकी बॅग चांगली असेल तर तेवढ्यासाठी परत करू नका. पुठ्ठा काढून फेकून द्या, त्याच मापाचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पातळ बोर्ड कापून आत घाला आणि वर जुन्या योगा मॅटचा तुकडा. आमच्या कोपऱ्यावर बॅगा नि चेन दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांनी बोर्डाच्या कडा रेक्झिनमध्ये शिवून दिल्या, त्यामुळे टोचत नाहीत. योगा मॅट मात्र टाळू नका. बहुतेक बॅगांचं अस्तर गुळगुळीत असतं. चालताना प्रत्येक पावलाला कुत्र्याचे पाय सरकतात, मग तो सावरायला उठून उभा राहतो आणि आपल्याला वाटतं याला बाहेर उडी मारायची आहे.

आता पाय बाहेर काढायच्या बॅगेबद्दल. फोटोत ती सगळ्यात गोड दिसते, बाळाला छातीशी बांधतात तशी. पण बाळ आणि कुत्रा यांच्या सांगाड्यात फरक आहे. कुत्र्याचा कणा आडवा राहून चार पायांवर भार वाटण्यासाठी घडलेला. उभा टांगला की सगळं वजन जांघेतल्या कापडावर येतं आणि मागचे पाय आधाराशिवाय लोंबतात. डॅशुंडमध्ये दर चार-पाचांत एकाला आयुष्यात कधी ना कधी मणक्यातल्या चकतीचा आजार होतो, म्हणून आमच्या व्हेट मॅडमनी अशी बॅग बिस्किटला पहिल्या दिवसापासून वर्ज्य केली होती. शित्झूही त्याच आखूड पायांच्या, चकतीचा धोका असलेल्या जातींत मोडतो. शिवाय छोट्या जातींत मागच्या गुडघ्याची वाटी सरकण्याची तक्रार बरीच असते. तुमच्याकडे तो चालताना मधेच एक पाय उचलून दोन पावलं लंगडत असेल तर या बॅगेचा विचारच सोडा आणि आधी गुडघा दाखवून घ्या.

आणखी एक कारण आहे, ते आईंसाठी. छातीवर साडेपाच किलोचा कुत्रा असला की जिना उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. तीन मजले, हाताला कठडा, आणि पायरी अंदाजाने शोधायची? नको.

झोळीचं थोडक्यात. दीड-दोन किलोच्या पिल्लाला दहा मिनिटं न्यायला झोळी छान, अंगाशी ऊब मिळते, पिल्लू झोपून जातं. साडेपाच किलो एका खांद्यावर म्हणजे आईंचा खांदा गेलाच.

हवेचा मुद्दा शित्झूसाठी तळाइतकाच मोठा आहे. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, आपल्यापेक्षा जास्त. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. त्यासाठी आजूबाजूची हवा हलती लागते. बंद बॅगेत त्याच्याच श्वासाची वाफ कोंडते आणि मग कितीही धापा टाकल्या तरी उपयोग होत नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तर आणखी अवघड. ती पारदर्शक गोल खिडकीची, ‘अंतराळवीर’ म्हणून विकली जाणारी सॅक तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर टाकली आहेत, ती यादीतून काढा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये तिची भट्टी होते. तिला भोकं असतात, पण रुपयाच्या नाण्याएवढी. त्यावरचे कौतुकाचे अभिप्राय वाचताना लिहिणारा कुठल्या हवेत राहतो तेही बघा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कुत्रा पिशवीत किंवा पेटीत असला तरच नेता येतो, त्यामुळे तिथे अंगावरच्या बॅगांचं फार मोठं खूळ आहे. तिथल्या थंडीत जी बॅग उबदार वाटते ती ठाण्यात कोंदट वाटणार.

जाळी मऊ आहे ना, हे तोंडाच्या उंचीवर बोट फिरवून तपासा. शित्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, खरखरीत जाळीवर किंवा चेनच्या दातऱ्यांवर घासले तर बुबुळाला जखम होऊ शकते. चेनच्या आतून कापडाची पट्टी शिवलेली असेल तर उत्तम.

मापं अशी घ्या. कुत्रा बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची, उभा असताना कॉलर जिथे असते तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. बसून अंग वळवता आलं पाहिजे आणि थकला तर पाय दुमडून आडवं होता आलं पाहिजे. केसाळ कुत्रा मापाआधी ओला करून बघायची गरज नाही, पण टेप केसांवरून नाही तर अंगालगत धरा. शित्झूत निम्मा आकार केसांचाच. फार मोठी बॅगही नको, वळणावर तो आत भिंतीवर आपटतो.

आईंच्या ओझ्याचा हिशेब करून बघा. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं असं म्हटलंय. मोठ्या माणसाला थोडं जास्त चालतं, पण दुखऱ्या खांद्यासाठी हाच आकडा धरा. आईंचं वजन ६० किलो असेल तर मर्यादा ६ किलो. कुत्रा साडेपाच, आणि बॅग स्वतःच साधारण किलोभर. म्हणजे साडेसहा, मर्यादेच्या अर्धा किलो वरच. म्हणून कंबरपट्टा हवाच, आणि तो नुसती बारीक नाडी नको, रुंद हवा, म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. छातीवरचा आडवा पट्टा दोन्ही खांदेपट्टे आत धरून ठेवतो, नाहीतर ते बाहेर घसरतात आणि दुखऱ्या बाजूला ओढ बसते. बॅग आली की आधी ५ किलोची आट्याची पिशवी आत घालून आईंना तीन मजले उतरून-चढून बघू दे. कुत्र्याची पाळी त्यानंतर.

पाठीवर घेताना जमिनीवरून झोका देऊन उचलायची नाही. बॅग टेबलावर ठेवायची, पाठ करून उभं राहायचं, दोन्ही हात पट्ट्यांत घालायचे, कंबरपट्टा लावायचा आणि मगच पुढे व्हायचं. वरचं तोंड डोकं बाहेर येईल इतकं उघडं ठेवा. कुत्रा दिसत नसला तरी त्याचा श्वास आईंच्या कानाशी असतो, घरघर वाढली की लगेच कळतं.

आतल्या बाजूला एक छोटा पट्टा नि हूक असतो. तो हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावायचा, कॉलरला कधीही नाही. कुत्र्याने उडी मारली आणि हूक कॉलरला असेल तर तो गळ्यावर लटकेल. पट्ट्याची लांबी एवढीच की आत आडवं होता येईल, पण पुढचे पाय काठावरून बाहेर पडणार नाहीत.

सवय लावायला घाई करू नका. बॅग उघडी करून त्याच्या नेहमीच्या जागेशेजारी पडू दे, आत त्याचं पांघरूण, अधूनमधून खाऊ. स्वतःहून आत जाऊन बसायला लागला की चेन अर्धी लावा, मग उचला, मग घरातल्या घरात चाला, मग एक मजला. पहिली फेरी व्हेटकडे नेऊ नका, नाहीतर बॅग दिसली की पलंगाखाली. तो अस्वस्थ आहे हे ओळखायला भुंकण्याची वाट बघू नका: सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, अंग ताठ करणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं. बिस्किट तर एकदम गप्प होतो, आणि लोक म्हणतात, बघा किती शहाणा बसलाय! थंडीतही धापा थांबत नसतील, लाळ गळत असेल किंवा जीभ निळसर दिसली तर बॅगेतून बाहेर काढा, सावलीत घ्या आणि व्हेटला फोन करा.

पावसाळ्यात मात्र बॅग सोन्याची. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते, तिथून त्याला उचलून नेलेलंच बरं. फक्त बॅगेसोबत येणारं प्लास्टिकचं कव्हर सगळ्या जाळ्या झाकतं, ते वापरू नका, छत्री धरा. अस्तर चेनने सुटं होऊन धुता येतं ना, हेही घेण्याआधी बघा. स्पंज शिवून टाकलेली बॅग जुलैत वाळत नाही आणि तिचा वास जात नाही.

स्कूटरचं तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय. चालवणाऱ्याच्या छातीवर कुत्रा बांधून अजिबात नको. ब्रेक जोरात लागला तर तो हँडल आणि तुमच्यामध्ये चेंगरतो. पाठीवर बांधलेला असला तरी पडल्यावर खाली तोच येतो. ऊन किंवा पाऊस असेल त्या दिवशी आईंना सरळ रिक्षा करून द्या, बॅग मांडीवर आणि जाळीची बाजू वाऱ्याकडे.