राजपुत्र, युवराज की पदच्युत राजपुत्र?

प्रश्न असा आहे: प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजघराण्यातले, शेवटच्या जर्मन सम्राटाचे (कैसरचे) नातू लुई फर्डिनांड यांच्यावर मराठीत लिहायचं तर त्यांना ‘युवराज’ म्हणावं, ‘राजपुत्र’ म्हणावं, की राजेशाही गेली म्हणून ‘पदच्युत राजपुत्र’ म्हणावं?

‘पदच्युत’ आधी बाजूला काढू, कारण तो सरळ चुकीचा आहे. पदावरून दूर केलेला तो पदच्युत. ९ नोव्हेंबर १९१८ला बर्लिनमध्ये कैसर दुसरा विल्हेल्म यांच्या पदत्यागाची घोषणा झाली, त्या दिवशी त्यांचा हा नातू अकरा वर्षांचा झाला. त्या वयाच्या मुलाचं पद कुठलं आणि च्युत कशावरून व्हायचं? पद गेलं आजोबांचं, सत्ता गेली होहेन्झोलर्न घराण्याची. तेव्हा ‘पदच्युत कैसरचे नातू’ म्हणा. विशेषण ज्याचं त्याला लागू द्या.

‘युवराज’ही बसत नाही. आपल्याकडे हा शब्द नेमका आहे. राज्याभिषेकाच्या वेळी युवराज झाले ते संभाजीराजे. धाकटे राजाराम राजपुत्रच राहिले. जर्मनमध्ये युवराजाला ‘क्रोनप्रिन्स’ म्हणतात आणि ते होते लुई फर्डिनांड यांचे वडील. हे त्यांचे दुसरे चिरंजीव. थोरल्या भावानं १९३३मध्ये राजघराण्याबाहेरच्या मुलीशी लग्न करून वारसाहक्क सोडला, तेव्हा वारसा यांच्याकडे आला. पण सिंहासन जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती. १९५१मध्ये वडील वारल्यावर ते ‘घराण्याचे प्रमुख’ झाले. तिथे हाच शब्द योग्य.

राहिला ‘राजपुत्र’. वडील कधी गादीवर बसलेच नाहीत, मग हे राजपुत्र कसे, असा काथ्याकूट करता येईल. पण मराठीत राजघराण्यात जन्मलेल्या मुलाला आपण सहज राजपुत्र म्हणतो आणि जर्मन ‘प्रिन्स’ही नातवा-पणतवांपर्यंत चालतो. मी तो बिनदिक्कत वापरेन, मात्र १९१८पर्यंतच्या मजकुरात.

पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. राजेशाहीनंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेच्या कलम १०९नं सरदारकीचे किताब नव्यानं द्यायला बंदी केली आणि जुने किताब फक्त नावाचा भाग म्हणून ठेवले. हा बदल शब्दांच्या क्रमातच दिसतो. पूर्वी ‘प्रिन्स लुई फर्डिनांड’, किताब आधी आणि नाव मागून. कायद्याप्रमाणे आता ‘लुई फर्डिनांड प्रिन्स फॉन प्रॉयसन’ (‘फॉन प्रॉयसन’ म्हणजे ‘प्रशियाचा’), म्हणजे पहिलं नाव आणि मग लांबलचक आडनाव! आपले देशपांडे, कुलकर्णी, फडणीस असेच हुद्द्यांतून आले. वतनं गेली, आडनावं राहिली. फरक एवढाच, की जर्मन आडनाव स्त्रीलिंगीही होतं: मुलगा ‘प्रिन्स’, तर मुलगी ‘प्रिन्सेसिन’.

आडनावाचं भाषांतर आपण करत नाही. म्हणून १९१९नंतरच्या आयुष्याबद्दल लिहिताना ‘प्रशियाचा राजपुत्र’ असा उलथा न करता नाव आहे तसं ठेवावं. वाक्य असं होईल: ‘होहेन्झोलर्न घराण्यातले लुई फर्डिनांड प्रिन्स फॉन प्रॉयसन डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात कामाला होते; १९३८मध्ये त्यांनी रशियाच्या रोमानोव्ह घराण्यातल्या किरा यांच्याशी लग्न केलं आणि १९९४मध्ये ब्रेमेनला त्यांचं निधन झालं.’ अशा वाक्यात ‘राजपुत्र कारखान्यात’ घातलं, की वाचकाला परीकथा वाटू लागते आणि माणूस हातचा जातो. घरातली, स्नेह्यांमधली हाक मात्र ‘प्रिन्स’ अशीच राहिली. संवादात ती तशीच ठेवावी.

हाच नियम ऑस्ट्रियाला लावू नका. तिथे १९१९च्या कायद्यानं किताबाबरोबर ‘फॉन’सुद्धा काढून टाकला. शेवटच्या सम्राटाचे चिरंजीव जर्मनीत ओटो फॉन हाब्सबुर्ग, तर ऑस्ट्रियाच्या कागदोपत्री ओटो हाब्सबुर्ग-लोथ्रिंगेन.