बुरशी आणि बी पेशींवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीसाठी बी पेशी (प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवणाऱ्या पेशी) आणि बुरशी हा विषय घ्यावा असं तुझ्या मनात आहे, आणि आजूबाजूची मंडळी म्हणतात, ‘बुरशीचं टी पेशी आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बघून घेतात, प्रतिपिंडांचं तिथे काय काम?’ त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्याला आधार आहे. एड्समध्ये सीडी४ या टी पेशी रक्ताच्या मायक्रोलिटरमागे शंभराच्या खाली घसरल्या की क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. उलट, डॉक्टर ब्रुटन यांनी १९५२ साली वर्णन केलेल्या जन्मजात आजारात बी पेशी जवळजवळ नसतातच. त्या मुलांना न्यूमोकॉकस हा जिवाणू पुन्हा पुन्हा छळतो, अंगभर पसरणारी बुरशी मात्र क्वचितच. आजारातून उठलेल्या प्राण्याचं सीरम (रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव भाग) दुसऱ्याला टोचण्याचे जुने प्रयोगही कधी जमले, कधी फसले.

तरीही मी म्हणेन, विषय घे. फक्त प्रश्न बदल. ‘प्रतिपिंडं उपयोगी आहेत की नाहीत?’ असं विचारलंस तर उत्तर कधीच हाती लागणार नाही. कुठलं प्रतिपिंड, किती मात्रेत, कुणाच्या शरीरात, असं विचार.

सीरममध्ये शेकडो प्रकारची प्रतिपिंडं एकत्र असतात. काही वाचवतात, काही नुसती चिकटतात, काही आजार वाढवतात. सगळ्यांची बेरीज शून्य आली तर ‘परिणाम नाही’ असा शेरा बसतो. कोहलर आणि मिलस्टाइन यांच्या १९७५च्या हायब्रिडोमा तंत्राने एकेक प्रतिपिंड वेगळं काढता येऊ लागलं, आणि आर्तुरो कासादेवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिप्टोकॉकसवर तेच केलं. शाईच्या थेंबात ही बुरशी पाहिलीस तर काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि तिच्याभोवती रुंद, स्वच्छ वलय दिसेल. ते वलय म्हणजे कॅप्सूल. तिच्यात मुख्यतः जीएक्सएम नावाची शर्करा असते आणि तिच्यामुळे भक्षक पेशींना बुरशी सहजी गिळता येत नाही.

आता १२ए१ आणि १३एफ१ या प्रतिपिंडांची जोडी बघ. दोन्ही आयजीएम या वर्गातली, दोन्ही एकाच बी पेशीच्या वंशातली, फरक थोड्याशा उत्परिवर्तनांचा. चमकणारा रंग लावून पाहिलं तर पहिलं कॅप्सूलवर सलग कडं धरतं, दुसरं ठिपक्याठिपक्यांनी बसतं. पहिल्याने उंदीर जास्त जगले, दुसऱ्याने नाही. हे निकाल वाचताना आजही मी थांबतो. १९९५मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: निरुपयोगी आयजीजी३ प्रतिपिंडाचा फक्त वर्ग, म्हणजे शेपटाची बाजू, बदलून ते आयजीजी१ केलं, तर ते रक्षक ठरलं. पकडायची जागा तीच, शेपूट तेवढी वेगळी. आणि मात्रा फार वाढवली तर रक्षक प्रतिपिंडाचाही फायदा नाहीसा होतो.

‘टी पेशी की प्रतिपिंडं’ हे भांडणही मला पटत नाही. टी पेशी नसलेल्या उंदरांत हीच प्रतिपिंडं लंगडी पडतात. प्रतिपिंड बुरशीला सहसा स्वतः मारत नाही. ते भक्षक पेशीला पकड मिळवून देतं, दाहाची पातळी वरखाली करतं. कॅन्डिडा या दुसऱ्या बुरशीचंही वाच. आतड्यातलं आयजीए वर्गाचं प्रतिपिंड तिच्या यीस्ट रूपापेक्षा तंतुरूपाला जास्त धरतं, हे २०२१मध्ये पुढे आलं. म्हणजे बी पेशी तिथे बुरशीला हाकलत नाहीत, तिला निरुपद्रवी रूपात ठेवायला मदत करतात. मला विचारशील तर पुढची दहा वर्षं या कामाची आहेत.

उपचाराबद्दल मात्र घाई करू नकोस. जीएक्सएमला धरणारं १८बी७ हे प्रतिपिंड एचआयव्हीबाधितांना देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं जीएक्सएम काही काळ उतरलं आणि पुन्हा वर आलं. बुरशीविरुद्ध माणसांसाठी परवाना मिळालेली लस अजून एकही नाही. निदानात मात्र प्रतिपिंडं केव्हाच कामाला लागली आहेत: मेंदूजलाच्या थेंबातलं जीएक्सएम दहा मिनिटांत दाखवणाऱ्या पट्टीत तीच असतात.

मार्गदर्शकांना भेटायला जाशील तेव्हा तीन गोष्टी विचार: प्रयोगशाळेत शुद्ध मोनोक्लोनल (एकाच प्रकारची) प्रतिपिंडं आहेत का, बुरशीचा कुठला वाण वापरतात, आणि उंदरांचा कुठला. वाण बदलला की निकाल उलटू शकतो. प्रस्तावात एकच मात्रा लिहू नकोस, किमान पाच पायऱ्यांची मालिका ठेव, आणि नियंत्रण गटात त्याच वर्गाचं पण बुरशीला न चिकटणारं प्रतिपिंड घे. मसुदा तयार झाला की मात्रांच्या तक्त्यासह पाठव. मी आधी तो तक्ताच वाचेन.

तुझा,
सर