तोंड आल्यावर नाही, आधीच विचारा

प्रश्न : डॉक्टर, माझ्या वडिलांना (वय ६१) मल्टिपल मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) आहे, पुढच्या महिन्यात ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट (त्यांच्याच मूळ पेशी काढून परत देणं) ठरलंय, त्याआधी मेल्फालान या केमोच्या औषधाचा मोठा डोस देणार आहेत. वॉर्डातल्या एका काकू सांगत होत्या की त्यांच्या मिस्टरांचं तोंड इतकं आलं होतं की थुंकीसुद्धा गिळवत नव्हती, नुसती नॅपकिनला टिपत बसायचे. तोंडात लाइट देतात म्हणे, त्याने खरंच फरक पडतो का? चटका बसतो का? ऑनलाइन लाल दिवा मिळतोय, तो घेऊन ठेवू का?
– एक मुलगी, सातारा

उत्तर : ताई, हे आत्ताच विचारलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक तोंड सोलवटल्यावर विचारतात. लाइटचा खरा उपयोग फोड यायच्या आधी सुरू केला तर होतो. याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात, लो लेव्हल लेझरही म्हणतात. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टला एंड्रे मेस्टर उंदरांवर लेझरचे प्रयोग करत होते, तेव्हा केस काढलेल्या जागी केस लवकर आलेले दिसले, तिथून हे सगळं सुरू झालं. लाल किंवा त्याच्या पुढचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला (ऊर्जा तयार करणाऱ्या भागाला) चालना देतो आणि सूज, दुखणं कमी होतं. चटका अजिबात बसत नाही, पेनासारखी कांडी गालाच्या आत, ओठांमागे, जिभेखाली थोडा थोडा वेळ धरतात, डोळ्यांना गॉगल लावतात आणि रोज करतात. ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी २०२० च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये याची शिफारस आहे.

पण ऑनलाइन दिवा घेऊ नका, प्लीज. वेव्हलेंथ आणि डोस मोजून द्यावा लागतो, चेहऱ्यावर लावायच्या दिव्याचं ते कामच नाही. त्यापेक्षा ट्रान्सप्लांट टीमला आत्ताच विचारा की तुमच्याकडे लाइटची सोय आहे का आणि कोणत्या दिवसापासून देता.

सोय नसेल तर खचून जाऊ नका, मेल्फालानसाठी बर्फ फार चांगला. हे औषध शिरेतून थोड्याच वेळात देऊन होतं, तेवढ्या वेळात आणि पुढे थोडा वेळ तोंडात बर्फाचे खडे चघळत राहिले की रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तोंडाच्या आतल्या त्वचेपर्यंत कमी पोचतं. हेही त्याच गाइडलाइनमध्ये आहे. किती वेळ चघळायचा ते सिस्टर सांगतील.

तोंडाचा त्रास ट्रान्सप्लांटनंतर साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुरू होतो, दुसऱ्यात जास्त असतो आणि काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) वर यायला लागले की तोंड भरून येतं. तोपर्यंत मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या, अल्कोहोलवालं माउथवॉश नको. गिळवेनासं झालं तर दुखण्याचं औषध मागून घ्या, बाबांना सहन करायला लावू नका. पांढरे डाग दिसले किंवा ताप १००.४ च्या वर गेला तर लगेच सांगा, रात्र असली तरी, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना फोडांतून जंतू थेट रक्तात जातात.

आणि बाबांना कवळी असेल तर ती आधीच डेंटिस्टला दाखवा, एखादा दात किडलेला असेल तोही. कवळी घासत असेल तर जखम तिथेच आधी होते.