पिधान नसताना काय पाहायचे?

प्रश्न : सारथी तारकासमूहातील एप्सिलॉन या जोडताऱ्याचे पुढचे पिधान (म्हणजे सोबती आड आल्याने ताऱ्याचा प्रकाश झाकला जाणे) २०३६ मध्ये सुरू होईल, असे वाचले. तोवर त्याच्या तेजात काही घडणारच नसेल, तर नुसत्या डोळ्यांनी आतापासून नोंदी ठेवून काय साधेल?

उत्तर : तोवर काही घडणार नाही, हे आपण गृहीत धरले आहे; प्रत्यक्षात पिधान नसतानाही हा तारा साधारण एक दशांश प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा, तितका तारा मंद) अनियमितपणे कमी-जास्त होत असतो. त्यामुळे पिधान नेमके कोणत्या आठवड्यात सुरू झाले हे ठरवायचे, तर त्याआधीच्या काही वर्षांत ताऱ्याची चाल कशी होती हे ठाऊक असावे लागते आणि नेमकी तीच वर्षे कंटाळवाणी म्हणून वगळली जातात.

याच्या तेजातील बदल १८२१ मध्ये योहान फ्रिट्श यांच्या लक्षात आला. आवर्तकाल सुमारे २७.१ वर्षांचा असल्याने एका निरीक्षकाला हयातीत दोन, फार तर तीन पिधाने मिळतात. प्रत्येक पिधान दोन वर्षांच्या आसपास चालते आणि त्यात ताऱ्याची प्रत २.९ वरून ३.८ पर्यंत उतरते, म्हणजे प्रकाश निम्म्याहून कमी होतो. एवढा प्रकाश अडवणारा सोबती मात्र दिसत नव्हता, हेच खरे कोडे होते. १९६५ मध्ये सु-शू हुआंग यांनी तिथे कडेने दिसणारी जाड तबकडी असावी, असे सुचवले. २००९ ते २०११ च्या पिधानात अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेतील अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून घेतलेल्या प्रतिमांत ताऱ्यापुढून सरकणारी ती काळी, लांबट आकृती अखेर दिसली. त्याच काळात हौशी निरीक्षकांनीही जगभरातून तेजाच्या नोंदी पाठवल्या. अंधुक ताऱ्यांसाठी बनवलेल्या स्वयंचलित सर्वेक्षणांच्या कॅमेऱ्यांना इतक्या तेजस्वी ताऱ्याचे मापन नीट जमत नाही, ही गोष्ट (थोडी गमतीची असली तरी) डोळ्यांच्या पथ्यावर पडते.

आता प्रत्यक्ष पद्धत. सारथीतील सर्वांत तेजस्वी तारा असलेल्या ब्रह्महृदयाजवळच्या लहानशा त्रिकोणात एप्सिलॉनबरोबर एटा आणि झीटा हे तारे आहेत. एटाची प्रत ३.२ आहे; एप्सिलॉन त्याहून किती उजळ किंवा मंद वाटतो, याचा अंदाज एक दशांशापर्यंत करावा. झीटाचा तुलनेसाठी उपयोग करताना मात्र जपावे, कारण तो स्वतःच ९७२ दिवसांच्या आवर्तकालाचा पिधानकारी जोडतारा आहे, आणि मापायची पट्टीच लांब-आखूड होत असेल तर नोंद फसते. तारे क्षितिजालगत असताना अंदाज करू नये. तारीख, वेळ आणि वापरलेले तुलनातारे प्रत्येक वेळी लिहावेत. मागच्या नोंदी मात्र त्या रात्रीचा आकडा वहीत उतरल्यानंतरच पाहाव्यात, कारण कालचा आकडा डोळ्यांपुढे असला की आजचा नकळत त्याच्याच जवळ जातो.