गावकारभार : तहकूब सभा, सरपंचबाईंचं डोंगल आणि आडवी बाटली

गावची मतदारसंख्या 640. ग्रामसभा दर वेळी कोरमअभावी तहकूब होते, मग कधी तरी दहा-पंधरा माणसांत सगळे ठराव होऊन जातात. हे कायद्यात बसते का? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

अर्धंमुर्धं बसतं, म्हणून तर ते चालतं. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजेच कोरम, म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 640 चे 15 टक्के 96 होतात. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब. मेख पुढे आहे: तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिली सभा फसली की दुसरी पंधरा जणांत उरकता येते.

मात्र तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवर नसलेला विषय घेता येत नाही. तेव्हा पहिल्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा. फळ्यावर चिकटवलेली असते, दोन दिवसांत फाटते. साध्या सभेची नोटीस 7 दिवस आधी लागते. नंतर ठरावाची नक्कल मागा आणि विषय जुळवा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या ओळीखाली जे काही घुसवलेलं असतं, गडबड नव्वद टक्के वेळा तिथंच सापडते.

दुसरी जागा म्हणजे इतिवृत्ताचं रजिस्टर. हजेरीच्या सह्या आधी घेतात, ठराव नंतर सवडीने लिहितात. काही गावांत शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो. सही करण्याआधी पान बघा. शेवटचा ठराव आणि पहिली सही यांच्यात चार बोटं कोरी जागा असेल, तर तिथं आडवी रेघ मारायला लावा आणि मगच सही करा. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. पुढच्या सभेत पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. लोक त्या वेळी चहाकडे बघत असतात. हरकत घ्यायची वेळ तीच. ती लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्या.

कोरम का होत नाही, हेही बघायला हवं. 15 ऑगस्टला बायका निंदणात, 2 ऑक्टोबरला सोयाबीनच्या सोंगणीत आणि सभा सकाळी अकराला. दिवसाची मजुरी बुडवून कोण येईल? सभा संध्याकाळी सात वाजता घ्यावी, असा अर्ज पंचवीस-तीस सह्यांनी द्या. वेळ बदलली की कोरम आपोआप वाढतो, आणि नेमकी म्हणूनच ती बदलत नाहीत. वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. पुरेशा कारणाशिवाय त्या न बोलावणाऱ्या सरपंचाचं पद कलम 7 खाली जाऊ शकतं, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा.

सरपंचबाई निवडून आल्या, पण खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात. काय करता येईल? (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

राज्यात पंचायतींमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे. खुर्ची दिसते, पण सत्ता आता खुर्चीत कमी आणि डोंगलमध्ये जास्त आहे. वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन निघतो. एक बाजू ग्रामसेवकाची (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी), दुसरी सरपंचाची, आणि दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. सरपंचबाईंची डिजिटल सही एका बोटभर यूएसबीत, म्हणजे डोंगलमध्ये, असते. ती कुणाच्या खिशात आहे आणि नोंदणीत मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे दोन प्रश्न त्यांना एकटीला भेटून विचारा. नंबर नवऱ्याचा असेल तर बदलून घेण्याचा लेखी अर्ज बाईंनीच द्यायचा. डोंगल कुलपात, किल्ली बाईंकडे.

त्यांना चारचौघांत 'रबर स्टँप' म्हणू नका. त्याने नवराच घट्ट होतो. प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. ती खरी भरवा, बाईंना अध्यक्षस्थानी बसवा, एक ठराव त्यांच्याच तोंडून मांडू द्या. सवयीने आवाज फुटतो.

बौद्ध वस्तीसाठी ग्रामपंचायतीचा वेगळा निधी असतो म्हणतात. आमच्याकडे मागितला तर 'फंड आला नाही' हेच उत्तर. (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

हा निधी वरून येतच नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं यातून, तो बाजूला काढायचा असतो: मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के, दिव्यांगांसाठी 5 टक्के. स्व-उत्पन्न 4 लाख असेल तर 60 हजार, 40 हजार आणि 20 हजार. 'फंड आला नाही' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की वसुली किती झाली?

पळवाट अशी की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वस्तीतून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचे दिवे या 15 टक्क्यांत दाखवतात. ते पकडायला माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलेले अर्ज वाया जातात. असं लिहा: 'आर्थिक वर्ष अमुक, नमुना 1 अंदाजपत्रक, नमुना 5 रोकडवही, मागासवर्गीय 15 टक्के खर्चाची प्रमाणकं (व्हाउचर), यांच्या साक्षांकित प्रती.' पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचं स्टँप. हाती आलेल्या प्रती घेऊन अंदाजपत्रकाच्या ग्रामसभेत जा, मार्च उलटायची वाट बघू नका.

सामूहिक वनहक्काचा दावा त्रुटी काढून परत आला. ठराव तर ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत झाला होता. (कोरची तालुका, जि. गडचिरोली)

चूक तिथंच आहे. वनहक्क कायद्याची ग्रामसभा वेगळी. अनेक गावांच्या मिळून असलेल्या गटग्रामपंचायतीची नाही, तुमच्या गावाची किंवा टोल्याची (वाडीची). तिला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. '100 पुरे' हा हिशेब इथं चालत नाही. हजेरीत बायकांची संख्या वेगळी लिहा. वनहक्क समितीही याच ग्रामसभेने निवडलेली हवी: 10 ते 15 सदस्य, किमान एक तृतीयांश महिला. पुरावे एकापेक्षा जास्त जोडा. निस्तारपत्रक (गावाच्या जंगल वापरण्याच्या जुन्या हक्कांची नोंद) आणि गावातल्या वयस्कांचे लेखी जबाब हे दोन्ही चालतात. जबाब ज्याने दिला तो आणि ज्याने दावा केला तो, ही एकच व्यक्ती नको. त्रुटीचं कारण तोंडी सांगितलं असेल तर लेखी मागा. तुमच्याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला 2009 साली हा हक्क मिळाला, तेव्हा रस्ता मळलेला आहे.

गावातलं देशी दारूचं दुकान मतदानाने बंद करायचं आहे. (केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

ही वाट फक्त परवान्याच्या दुकानासाठी. हातभट्टीसाठी पोलीस तक्रार आणि ग्रामरक्षक दल. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी अर्ज करायचा. मग सह्यांची पडताळणी, नंतर गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (दुकान बंद). समजा महिला मतदार 410 आहेत. सह्या 103 हव्यात. 140 घ्या, कारण गळती होते. सही मतदार यादीतल्याच नावाने करायची, शेजारी यादीतला अनुक्रमांक. माहेरच्या नावाची सही आणि सासरच्या नावाची नोंद, यातच अर्ज पडतात.

दुकान बंद व्हायला झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. 410 मध्ये 206. समजा 230 जणी आल्या, 198 नी आडवी आणि 32 जणींनी उभी केली. गावाचा कौल उघड आहे, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली बाई दुकानदाराच्या खात्यात जमा. आणि यादीतून न निघालेली मयत बाईसुद्धा. म्हणून अर्जाच्या दोन-तीन महिने आधी मतदार यादी घेऊन बसा. मयत आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्यांसाठी नमुना 7, नाव किंवा तपशील दुरुस्तीसाठी नमुना 8. अशी 20 नावं कमी झाली तर एकूण 390 आणि लागणारी मतं 196. वरच्या उदाहरणातल्या 198 त्यात भागल्या असत्या.