साडेतीनशेची कॉफी आणि सात रस्त्याजवळचं दुकान

प्रश्न : माझी मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीत घरी आली की म्हणते, सोलापुरात धड कॉफी मिळत नाही. पुण्यात मैत्रिणींबरोबर ती एका मोठ्या कंपनीच्या कॅफेत जाते. तिथली कॅरमेलची थंड कॉफी साडेतीनशेच्या घरात जाते. इकडे सात रस्त्याजवळ एका तरुणानं छोटं कॉफी शॉप काढलंय, तिथली कॅपुचिनो एकशे चाळीसला. मला ती कडवट लागली. यजमान म्हणतात, दोन्हीकडे लूटच. नेमका फरक कशात असतो? पैसे कुठे वसूल होतात?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मुलीच्या त्या उंच पेल्यात काय असतं ते पाहू. बर्फ, दूध, कॅरमेलचं सिरप, वर क्रीम आणि या सगळ्यात थोडीशी कॉफी. एस्प्रेसोच्या, म्हणजे यंत्रात दाबानं काढलेल्या दाट कॉफीच्या, एका शॉटला (एका मापाला) साधारण ७ ते ९ ग्रॅम पूड लागते. बाकी पेला भरतो तो दुधानं, बर्फानं आणि साखरेनं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. सिरप आणि क्रीमचा मोठा पेला एका बैठकीत ही मर्यादा सहज ओलांडतो. मुलीला तो आवडतो यात वावगं काही नाही, पण तिला आवडतंय ते गोड दूध. त्यावरून सोलापूरच्या कॉफीला नावं ठेवणं मला पटत नाही.

मोठ्या साखळ्यांचं, म्हणजे गावोगावी शाखा असलेल्या कॅफे कंपन्यांचं, गणित वेगळं असतं. मुंबईत, पुण्यात, बंगळुरात चव तीच लागली पाहिजे, ही त्यांची पहिली अट. त्यासाठी अनेक ठिकाणी बिया गडद भाजतात. जितकं जास्त भाजावं तितका एका मळ्याचा आणि दुसऱ्या मळ्याचा फरक पुसला जातो आणि भाजल्याची कडवट चव वर येते. मग ती झाकायला दूध आणि सिरप. हे काम त्या फार शिस्तीनं करतात, हेही मान्य केलं पाहिजे. आपल्याकडे ही कॅफेची सवय लावलीच मुळी साखळ्यांनी. कॅफे कॉफी डे १९९६ साली बंगळुरात सुरू झालं, स्टारबक्स २०१२ साली टाटांच्या भागीदारीत मुंबईत आलं. शिवाय थंडगार खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह. मुलींना तासभर कुणी हटकत नाही. लहान शहरातल्या बायकांना याची किंमत नीट ठाऊक आहे. त्या साडेतीनशेतला बराच भाग या बसण्याचा आहे, आणि तो मला अवाजवी वाटत नाही.

आता सात रस्त्याजवळचं दुकान. दुकान छोटं आहे म्हणून कॉफी चांगली, असं मी मुळीच म्हणणार नाही. छोट्या दुकानांतही जुनी पूड, उकळी फुटलेलं दूध आणि चॉकलेट सॉसची नक्षी मी भरपूर पाहिली आहे. पण त्या तरुणाकडे एक गोष्ट असू शकते जी साखळीच्या काउंटरवर क्वचितच मिळते : विचारलं तर उत्तर. त्याला विचारा, बिया कुठल्या? भाजल्या कधी? देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, चिकमगळूर आणि कोडगू तिकडचेच, आणि आपण तर कर्नाटकाच्या सीमेवर बसलोय. पाकिटावर भाजणीची तारीख आहे का, तेही बघा. नुसती ‘बेस्ट बिफोर’ असेल तर त्यावरून काही कळत नाही. बिया तुमच्यासमोर दळतो का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या शेंगाचटणीचं जसं होतं ना, ताजी कुटलेली दारातूनच कळते आणि जुनी झाली की नुसतं तिखट उरतं, तसंच दळलेल्या कॉफीचं. तिचा वास फार लवकर उडतो.

तुम्हाला कॉफी कडवट लागली, त्याचं कारणही शोधता येईल. दळण फार बारीक असेल किंवा पाणी पुडीतून फार वेळ उतरत राहिलं तर नको तो कडूपणा पेल्यात येतो. चांगला शॉट साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरतो. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवलं तर त्याचा स्वतःचा गोडवा जाणवतो, उकळलं की तो जातो. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी वापरलं तरी चव बिघडते. हे सगळं त्याला सरळ सांगा, “जरा कडू झाली” म्हणा. आपल्या कामावर जीव असेल तर तो दळण बदलून दुसरा कप करून देईल. तोंड वाकडं केलं तर पुन्हा जाऊ नका.

आणि सोलापुरात धड कॉफी मिळत नाही, हे तर मी ऐकूनच घेणार नाही. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी कानडी कुटुंब होतं. त्यांच्या पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेलं दाट डिकॉक्शन, वर गरम दूध, हातात स्टीलची वाटी आणि पेला. त्या कॉफीला कुठल्या सिरपची गरज नव्हती. घरी करायची असेल तर पुडीच्या पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं) प्रमाण वाचा, ते छापणं बंधनकारक आहे. नियमानं ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. मी स्वतः २० टक्क्यांच्या वर जात नाही.

यजमानांना माझं एवढंच सांगणं : एकदा तिघांनी त्या दुकानात जा आणि तिथली साधी कॅपुचिनो बिनसाखरेची मागवा. पुण्याला जाल तेव्हा मुलीच्या कॅफेतही तीच मागवा, सिरपवाली नको. दोन सारख्या वस्तू चाखल्याशिवाय लूट कुठे आहे ते ठरणार नाही. मे महिन्यात गरम नकोशी झाली तर त्या तरुणाला कोल्ड ब्रू करतो का विचारा. पूड बारा-पंधरा तास गार पाण्यात भिजवून गाळतात, कडूपणा कमी असतो, आणि मुलीला कदाचित साखरेवाचूनही आवडेल.